लिंबायतेत आदित्यवारी खुनी पट लावल्याची हकीकत

श्री कानबाई प्रसन्न. शके एकोणीसशे अठरा, आषाढ मास, आदित्यवार, दोन प्रहर. तापीतीरी सुरत बंदर, तेथे लिंबायत पेठ, तेथे खानदेशाहून पोटापाठी आलेल्या मागवाल्यांच्या चाळीत जे युद्ध जाहले ते लिहितो. लिहिणार दाराशी चपलांच्या ढिगावर बसला होता, सबब एक अक्षर पदरचे नाही.

चाळीत दूरदर्शन संच एक, त्यावर हक्क सांगणारे दोन. राजश्री सुकलाल मुकादम सहा दिवस मागांच्या खटखटाटात काढीत आणि सातव्या दिवशी खुनी चित्रपट पाहून जीव रमवीत. तोच एक त्यांचा षोक. मातुश्री मालतीबाई भजनी मंडळाच्या सरलष्कर, त्यांस देवादिकांच्या कॅसेटी हव्या. बहुत कुरबूर होऊन मग तह ठरला, तो ऐसा: मुकादमांनी खुनाची कॅसेट लावावी, मालतीबाई भिऊन ओरडल्या तर वर्षाचे अवघे आदित्यवार मुकादमांचे, न ओरडल्या तर भजनाचे. कानबाईची आण घेऊन करार पक्का जाहला आणि मुकादमांचा जीव एका किंकाळीवर टांगला.

मग व्हीसीआर आणविला, खिडक्यांस कोरे कापड ठोकून भरदिवसा अंधार केला, आणि बायकांची फौज शेंगा घेऊन ठाण मांडून बसली. भिंतीपलीकडे यंत्रमागांचे खाते, म्हणजे कारखाना, तेथे मालतीबाईंचे चिरंजीव लखन पाळीवर. मागांचा आवाज लिंबायतेत अष्टौप्रहर, त्याची दखल कोणी घेत नाही.

पडद्यावर मुखवट्याचा खुनी कोयता घेऊन प्रकटला आणि नायिका एकटीच तळघरात उतरली. मालतीबाईंनी बसल्या जागेवरून फर्मान सोडिले, "अवं पोरी, पह्यले दिवा तं लाव!" फौज खदखदली. खुन्याने दोन माणसे कापिली, तेव्हा फौजेतल्या सुंदराबाईंनी त्याच्या मळक्या सदऱ्यास नावे ठेविली. मग विनोदापुरता घातलेला आचारी घसरला आणि पोळ्यांची चळत चिखलात गेली, तेव्हा मात्र अन्नाची नासाडी पाहून साऱ्यांनी डोळ्यांस पदर लाविला. खुनास हसू आणि विनोदास रडू, हा उफराटा कारभार पाहून मुकादम हवालदिल जाहले.

शेवटी सातांस कापून खुनी नायिकेच्या पाठीशी आला, कोयता उचलिला, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडचे माग थांबले.

पडदा उजळ होता, म्हणजे वीज गेली नव्हती. वीज असता चालते माग भलत्या वेळी थांबविले, तर कोणाचे तरी बोट, कोणाचा तरी हात आत गेला असे समजावे, हे लिंबायतेत पोरासोरांसही ठाऊक. हसू जागीच विझले. मग मालतीबाईंनी "मना लखन!" म्हणून ऐसी किंकाळी फोडिली की पडद्यावरची नायिका तिच्यापुढे काहीच नव्हे, आणि त्या अनवाणी धावल्या, आणि करार विसरून मुकादम त्यांच्याही पुढे धावले.

पाहतात तो खात्याच्या खिडकीत पाच कारागीर चाळीकडे कान देऊन उभे, मध्ये लखन. त्याने अर्ज केला, "माय, खटखटमा पिक्चर आयकू ये ना, म्हनीसन माग बंद करात. ती पोर वाचनी का?"

मालतीबाईंनी प्रथम एक थोबाडीत ठेवून दिली, मग त्याचे दोन्ही हात ओढून बोटे मोजिली, पुन्हा मोजिली, आणि तेथेच खाली बसून हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मुकादम चौकटीस धरून उभे होते. किंकाळी पदरात पडली असता तिच्यावर दावा सांगावयास त्यांस लाज वाटली. परंतु आण ती आण. तिसऱ्या प्रहरी मालतीबाईंनीच हुकूम फर्माविला की आदित्यवार मुकादमांचे. मात्र लखनची पाळी सुटून तो शेजारी बसल्याखेरीज कॅसेट लावू नये.

येणेप्रमाणे मुकादमांची फत्ते जाहली. नायिका वाचली किंवा कसे, हे पाहावयास कोणी परतले नाही. मयत पडद्यावरील सात. जखमी, लखनचा गाल एक. बोटे दहा, दोनदा मोजून घेतली, शाबूत.