ढेकूळ बँडचा शेवटचा कार्यक्रम

लिंबाजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. गोदाकाठी पिंड मांडून सगळे उन्हात ताटकळत होते आणि बाभळीवरचे कावळे रुसलेल्या व्याह्यांसारखे तोंड फिरवून बसले होते.

"इच्छा राहिली असंल काही," गुरुजी म्हणाले. "सांगा त्याला."

सगळ्यांनी परमेश्वरकडे पाहिलं. कॉलेजात असताना मानवतला तिघांनी 'ढेकूळ' नावाचा बँड काढला होता. परमेश्वर गिटार घेऊन गायचा, बजरंग बेस वाजवायचा आणि लिंबाजी मांडीवर ढोलकी, पायाखाली ड्रम. गाणी कापसाची, आवाज विलायती. लोक लग्नाची सुपारी द्यायचे आणि मांडवात विचारायचे, "पिपाणीवाला कुठंय?" दोन कॅसेटी निघाल्या, त्या नातेवाइकांनी आहेरात परत केल्या. तरी तिघांचे केस पिकेपर्यंत बँड चालला. लिंबाजीच्या सरणापुढे परमेश्वरनं शपथ घेतली होती, बँड बंद पडू देणार नाही.

"लिंब्या, पोस्टरवर तुझं नाव सगळ्यात वर टाकतो," परमेश्वर हात जोडून म्हणाला.

कावळ्यानं पंख खाजवला.

"दुसरा ड्रमवाला घेणार न्हाई. तुझी जागा मोकळी ठेवून वाजवू."

कावळा मागच्या फांदीवर गेला.

"गाणं ऐकायचं असंल त्याला," बजरंग म्हणाला.

टेम्पोतून स्पीकर उतरवला. पहिल्याच झंकाराला बाभळ रिकामी झाली. शेजारच्या पिंडाला शिवायला आलेला कावळाही उडाला.

"आरं थांबवा!" तिकडचा म्हातारा ओरडला. "माझी बायको अर्ध्यावर राहिली की!"

परमेश्वर थांबला. सवयीनं त्यानं मागे पाहिलं. लिंबाजी बसायचा तिथे नुसती वाळू होती. त्याला हुंदका फुटला.

"न्हाई जमायचं रे तुझ्याबिगर. बंद करतो बँड."

वाक्य संपायच्या आत कुठूनसा एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. पाठोपाठ म्हातारीच्या पिंडालाही एक शिवला.

परमेश्वर बघतच राहिला. "म्हंजे ह्याला बंद करायचा होता?"

लिंबाजीच्या बायकोनं, चतुराबाईनं, डोळ्याला पदर लावला. "लय सालापासून, भावजी. कार्यक्रमाहून आले की म्हणायचे, सोडावं वाटायलंय, पर परमेश्वर खचंल."

परमेश्वर वाळूतच बसला. "वैनी, चुडावा गावच्या कार्यक्रमापासून मीच सोडणार होतो. म्हणलं, लिंब्या खचंल."

मग परमेश्वरला आठवलं, की बजरंगही आहे. इतक्या वर्षांत त्याचा बेस कुणालाच वेगळा असा ऐकू आला नव्हता. तो वायर गुंडाळत होता.

"तुझं काय रे, बजरंग? तुलाबी सोडायचाच होता ना?"

"मला?" बजरंग वायरीकडे बघत म्हणाला. "मला लय आवडायचं."