करवंदपाड्याचे देवळावरील टाइलस्वारीची हकीकत

श्रीकाळंबेश्वर समर्थ. हकीकत ऐसी जे, आंबिवली टेशनाचे पैल मौजे करवंदपाडा, तेथील पुरातन देवस्थानावर चकचकीत टाइलांची स्वारी चालोन आली आणि राजमान्य राजेश्री काळुराम भोईर यांचे कुटुंब जयाबाईसाहेब यांनी ती कैसी परतविली, हे पुढिलांस ठाऊक असावे म्हणोन लिहिले असे. वाचणाराने हसो नये. आवरेनासे जाहले तर चपला घालोन बाहेर जावे.

देऊळ शिलाहारांचे अमलातील, ऐसे जाणते सांगतात. काळा पाषाण, चुन्याचा लवलेश नाही, दगडाचे खाचेत दगड बसवोन सारी इमारत तोलिली. गाभारा पायऱ्या उतरोन खाली, सभामंडपाभोवती हत्तींची रांग, आणि दारावर कीर्तिमुख डोळे वटारोन बैसले. कळस फिरंगियांचे धामधुमीत पडला, तेथे पुढे पत्रा आला. आणि डावे हाताचे खांबावर एक बाई कोरिली, ती पाय दुमडोन तळव्यातील काटा काढिते. गावात नवी सून आली म्हणजे तिने या बाईचे गुडघ्यास तेल चोळावे आणि मनीचे दुःख तिचे कानी घालावे, ऐसा दस्तूर. बाई ऐकिलेले कोठे बोलत नाही, हा तिचा लौकिक. जयाबाईसाहेब सून होऊन आल्या तेव्हा माहेर मोहन्यास, हाकेच्या अंतरावर, परंतु सासूची परवानगी मिळेल तर शपथ! मग त्या याच खांबास मिठी मारोन रडल्या. ती बाई त्यांस सख्ख्या बहिणीहून अधिक.

ऐसे असता चिरंजीव हितेशराव यांचे लग्न जमेना. बंगला जाहला, दारी काळी मोठी गाडी आली, आणि मुलगी म्हणोन मिळेना. तेव्हा काळुरामजींनी नवस बोलिला की, सून घरी आली म्हणजे देऊळ आतून दरोबस्त टाइलांनी मढवितो. देव पावला आणि डोंबिवलीची ऐश्वर्या सून होऊन आली. मग काळुरामजींनी खोपट येथील विनीत टाइलवाले यांस पाचारण केले, आणि ते टेंपो, कारागीर, सिमेंटाच्या गोणी ऐसा सरंजाम घेऊन देवळासमोर मुक्कामास आले. टाइल गुलाबी, मधोमध सोनेरी मोर.

जयाबाईसाहेबांनी एक टाइल खांबास लावोन पाहिली. मोराखाली बाई गडप होणार! त्यांनी खाविंदांस खलबतात घेऊन समजाविले, परंतु खाविंद कडाडले, "अगो, देवाचा नवस हाय, खेल हाय का? पोराचा संसार उलटंल!" आणि तेही खरेच घाबरले होते, त्यांस हसण्यात अर्थ नाही. तेव्हा बाईसाहेबांनी फर्माविले की देवास कौल लावावा. पिंडीस दोबाजूंनी ओली फुले लावावी. उजवे पडल्यास होकार, डावे पडल्यास नकार.

दुसरे दिवशी दगडू गुरव याने फुले लाविली आणि अवघा गाव पिंडीकडे डोळे लावोन बैसला. फूल पडेना. उजवे नाही, डावे नाही. कारागिरांनी चहा घेतला, मग वडापाव घेतला, मग पुन्हा चहा घेतला, आणि फुले जेथल्या तेथे. देव कोपला ऐसी कुजबुज जाहली. मग गुरवाने पिंडीस बोट लावोन चाटिले आणि प्रकार उघड जाहला. कौल आपुले बाजूने पडावा म्हणोन काळुरामजींनी सकाळीच देवास मधाने न्हाऊ घातिले होते, आणि भक्तीचे भरात हात इतका सैल सोडिला की पिंडीस माशी बैसती तर तीही अडकती.

गाव खदखदा हसला. काळुरामजी चिडले आणि कौल राहो द्या, काम चालू करा, ऐसा हुकूम सोडिला. कारागीर थापी घेऊन डावे खांबाकडे निघाला. मग जयाबाईसाहेब पदर खोचोन पुढे जाहल्या, खांबास पाठ लावोन बैसल्या आणि गरजल्या, "पयली टायल माज्या अंगावर लाव, मंग हिच्या!" हे पाहोन गावच्या साऱ्या सुना, सासवा, आज्या उठल्या आणि एकेक खांब धरोन बैसल्या, कारण त्या बाईपाशी रडली नाही ऐसी एकही नव्हती. फौजेस थापी ठेवावयास जागा उरली नाही.

तेव्हा तहाची बोलणी जाहली. बाईसाहेबांनी मांडिले की नवस बुडवू नये, देवाचे भंडाऱ्याचा मुदपाकखाना धुराने काळवंडला आहे, तोही देवाचाच, टाइल तेथे लागो. कबूल की नाही, देवासच विचारावे. पिंड ऊन पाण्याने धुतली, फुले लाविली, आणि हात काढितो न काढितो तोच उजवे फूल पडिले. काळुरामजींचे डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी भर मंडपात बायकोस हात जोडिले. सोनेरी मोर सांप्रत वरणभाताचे वाफेत नांदतात.

मग विजयाचे दिवशीच नव्या सुनेचा दस्तूर म्हणोन ऐश्वर्येस तेलाची वाटी देऊन खांबापाशी पाठविले, आणि बाईसाहेब फुलांचे ताट घ्यावयास मागे आल्या, तो सूनबाई बाईचे कानी लागोन बोलत होती, "तुला कसं सांगू, सासूबाई खूप टोचून बोलतात गं. पोळी जाड झाली की सगळ्या गावाला सांगतात."

बाईसाहेब ताट तेथेच ठेवोन पावलांचा आवाज न करिता परतल्या. त्या रात्री पोळी जाडच जाहली होती. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि आणखी एक मागितली. मोहीम फत्ते जाहली ती या घासास, ऐसी नोंद असे.