चार खलाशांची गाडी

"माझं नाव नागोराव. पालघर स्टेशनपासून मनोरच्या हायवेपर्यंत आणि बोईसरपासून तारापूरच्या समुद्रापर्यंत जे जे लपलेलं आहे, ते मला दिसतं. जे मला दिसत नाही, ते मुळात नसतंच."

कोणी विचारो न विचारो, आमचे दाजी स्वतःची ओळख अशी करून देतात. एकदा तिकीट तपासायला चढलेल्या एसटीच्या साहेबांनाही त्यांनी ती याच शब्दांत करून दिली होती. खिशातलं तिकीट मात्र त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही, आणि साहेबांनी ते मुळात नसल्याचं मान्य करून दंड घेतला.

दाजी म्हणजे माझ्या रत्नाआक्काचे यजमान. बोईसरच्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर ते वॉचमन आहेत. ही झाली पोटापाण्याची सोय. मनाने ते गुप्तहेर आहेत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका कामगाराच्या डब्यातून कंपनीच्या साबणाची वडी शोधून काढली. ती वडी कंपनीनेच त्याला दिली होती आणि त्याने ती स्वतःहून दाखवली होती, पण असल्या बारीकसारीक गोष्टींनी दाजींचा उत्साह कमी होत नाही. मी बन्सी. परभणीहून नोकरी शोधायला आलो, आक्काच्या हातचं खातो आणि दाजींच्या खोलीत झोपतो. त्यामुळे त्यांचा साहाय्यक होण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. तारापूरकडच्या कोळीवाड्यातली काशीबाई बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसायची. आक्का तिची नेहमीची गिऱ्हाईक. त्या दिवशी काशीबाई टोपली उचलून थेट आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"ताई, आमचं मानूस खुळावलंय," ती म्हणाली. "होडी इकतो म्हनतंय."

तिचा नवरा जानू. त्याची होडी चांगली होती, पण होडीवरचे खलाशी एकेक करून बोईसरच्या कारखान्यांत कामाला लागले होते. एकट्याने जाळं ओढायचं कसं? म्हणून जानूने ठरवलं होतं की होडी विकायची, जुनी डिझेल पिकअप घ्यायची आणि दुसऱ्यांची मासळी मनोरच्या बाजाराला पोचवायची. होडीचं गिऱ्हाईक सातपाटीहून रविवारी संध्याकाळी यायचं होतं. पिकअप त्याच दिवशी सकाळी.

"गाडी फसवी निघाली तं होडी बी गेली नि गाडी बी गेली," काशीबाई म्हणाली. "मंग आमी काय खायाचं? कोनी जानतं मानूस येऊन गाडी बगल का?"

इथे आक्काच्या तोंडून निघून गेलं की आमचे हे रोज गेटवर गाड्या तपासतात. ते खोटं नव्हतं. दाजींच्या हातात लांब दांड्याचा आरसा असतो आणि आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पोटाखाली ते तो सरकवतात. त्या आरशात ते मिशी बघतात, ही गोष्ट आक्काला ठाऊक नव्हती. आतल्या खोलीत दाजी टोपी घालून तयारच झाले होते.

रविवारी आम्ही एसटीने तारापूरला उतरून कोळीवाड्यात पोचलो. आरसा बरोबर होता, त्याचं अर्धं तिकीट पडलं. समुद्राच्या कडेला बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडी होत्या, आणि त्यांच्या शेजारीच सपाट जागेवर पिकअप उभी होती. ताजा निळा रंग, पुढे लिंबू-मिरची, मागे काळी चप्पल. इंजिन चालूच होतं. गाडीशेजारी पांढरे बूट घालून मनोरचा कमलाकांतशेठ उभा होता. जुन्या गाड्या विकणं हा त्याचा धंदा. मागच्या हौद्यात चार दांडगे गडी मांडी घालून बसले होते. ते बोलत नव्हते, हसत नव्हते, तंबाखू मात्र मनापासून मळत होते.

जानू आमच्याकडे धावतच आला. त्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता.

"साहेब, गाडी एक लंबर हाय," तो म्हणाला. "चार खलाशी हायत तिच्यावर."

"गाडीवर खलाशी?" मी विचारलं.

"तं काय? होडी घेताना आमी फळ्या मागनं बगतो, आदी खलाशी बगतो. खलाशी टिकलं तं होडी चांगली. आमच्या होडीवर एक ऱ्हायला नाय, नि हिच्यावर चार चार. इचारा शेठला."

"स्टाफ आहे," कमलाकांत म्हणाला. त्याने हे इतक्या सहज म्हटलं की मला त्याचं कौतुक वाटलं. "गाडीला सोडून एक मिनिट राहत नाहीत. इतका जीव आहे त्यांचा गाडीवर."

दाजींनी डोळे बारीक केले. हे झालं की मी समजतो, आता दिवस गेला.

पहिल्यांदा त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. मग पायाखालचा ब्रेक बघितला. त्याचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, आणि किलोमीटरचा काटा मात्र म्हणत होता की गाडी कालपरवाच रांगायला लागली आहे.

"याचा अर्थ काय, बन्सी?"

"काटा फिरवलाय, दाजी."

"इथेच तू मार खातोस. याचा अर्थ, जुन्या ड्रायव्हरचा डावा पाय लाकडी होता."

"ब्रेक उजव्या पायाने दाबतात."

"म्हणूनच तर तो पकडला गेला नाही," दाजी म्हणाले आणि पुढे सरकले.

ताज्या रंगावरून त्यांनी ओळखलं की गाडीचा मूळ रंग निराळा होता. हे कोणीही ओळखलं असतं, कारण दाराच्या फटीत पिवळा रंग दिसत होता. पण पिवळ्यावरून ते तस्करीवर गेले, तस्करीवरून दुबईवर, आणि दुबईहून परत येताना वाटेत त्यांना तारापूरचं अणुवीज केंद्र लागलं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"चालू इंजिन. पळून जायची तयारी. चार मुके अंगरक्षक. आणि समोर अणुवीज केंद्र. बन्सी, हे प्रकरण होडीचं नाही, देशाचं आहे."

"केंद्र त्या बाजूला आहे, दाजी. गाडीचं तोंड मनोरकडे आहे."

"फसवण्यासाठी."

मग ते गाडीच्या मागे गेले आणि एकदम थबकले. मागच्या फाळक्यावर धुळीचा जाड थर होता, आणि त्या धुळीत हाताचे पंजे स्वच्छ उमटले होते. शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. दाजींनी आरसा माझ्या हातात दिला आणि तिथे वाकून बराच वेळ वास घेतला.

"बाहेरून उमटलेत," ते म्हणाले. "आतून नव्हे. म्हणजे ही गाडी पळत होती आणि काही लोक तिला मागून धरून ठेवत होते. कोणाला तरी पळवून नेलं जात होतं, बन्सी. बिचारे लोक. शेवटपर्यंत त्यांनी हात सोडला नाही."

हौद्यातला एक गडी, नवशा त्याचं नाव, वरून वाकून हे सगळं ऐकत होता. त्याने मळलेली तंबाखू दाजींपुढे धरली. दाजींनी ती पुरावा म्हणून घेतली आणि थोड्या वेळाने खाल्ली.

मी मात्र काळजीत पडलो होतो. गाडी मला ठीक वाटत नव्हती. नळीतून निघणारा धूर कधी पांढरा, कधी काळा होत होता. पण मी काही सांगायला तोंड उघडलं की दाजी बोट ओठांवर ठेवत, आणि जानू तर खलाशांवर इतका खूश होता की त्यांच्या जेवणाची सोय आपल्या घरी करायची की गाडीतच, याचा विचार करू लागला होता. कमलाकांत त्याला म्हणाला, "व्यवहार झाला की स्टाफचं बघू." संध्याकाळी होडी जाणार होती.

तेवढ्यात काशीबाई आली. डोक्यावर बोंबलाची टोपली, पदर खोचलेला. तिने आधी वलांडीकडे बघितलं, मग धुराकडे.

"कोनाची गाडी ही? सगला धूर माज्या बोंबलावर जातोय. बंद कर."

"बाई, इंजिन गरम राहिलेलं चांगलं असतं," कमलाकांत म्हणाला.

"तुज्या इंजिनाचं चांगलं होतंय, माज्या बोंबलाचं काय? सकाळधरनं चालू हाय. बंद कर सांगते."

"नाजूक मशीन आहे, मावशी. एकदम बंद केलेलं आवडत नाही तिला."

"हे चौघे उडी मारून पळतील," दाजी माझ्या कानात म्हणाले. "दारं अडव."

मी कुठलं दार अडवावं हे ठरवेपर्यंत काशीबाईने टोपली खाली ठेवली, पिकअपचं दार उघडलं आणि आत वाकून समोर दिसेल ते ओढलं, फिरवलं, दाबलं. गाडी दोनदा शिंकली आणि बंद पडली. समुद्राचा आवाज एकदम ऐकू येऊ लागला.

कमलाकांतने कपाळाला हात लावला. पण खरी गंमत मागे चालली होती. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ते चारही गडी उठले. तंबाखू थुंकले, सदरे काढून हौद्यात टाकले, खाली उतरले आणि गाडीच्या मागे जाऊन ओळीने उभे राहिले. मग चौघांनी फाळक्यावर हात ठेवले. हात बरोबर त्या पंज्यांवर बसले.

"शेठ, गिअर टाका," नवशा म्हणाला.

शेठ काय करणार? बसला. चौघांनी खांदे लावले, गाडी हलली, धावू लागली, खोकली आणि चालू झाली. चौघे धावत धावत मागे चढले. वलांडींना वळसा घालून गाडी पुन्हा आमच्यापुढे येऊन उभी राहिली, आणि चौघांनी सदरे घातले.

कोळीवाड्यातली सगळी माणसं गोळा झाली होती. कोणी हसलं नाही, कारण सगळे जानूकडे बघत होते.

"ह्ये काय?" जानूने विचारलं.

"ह्येच काम हाय आमचं," नवशा म्हणाला. "तिचा सेल्फ गेल्या दिवाळीला मेला. बंद पडली का उतरायचं, ढकलायचं. मनोरपासनं हितवर चारदा उतरलो."

"म्हंजे तुमी खलाशी नाय?"

"नाय रं बाबा. आमी धक्का."

जानू वाळूत बसला. ज्या खलाशांवरून त्याने गाडी पसंत केली होती, ते गाडीचा आजार निघाले. त्याच्याकडे बघून मला फार वाईट वाटलं. गाडी गेली याचं दुःख नव्हतं. पण होडी घरी ठेवून तरी तो काय करणार होता? ओढायला माणसंच नव्हती.

दाजींनी घसा साफ केला. "मी आधीच म्हटलं होतं," ते म्हणाले, "की सगळं रहस्य या पंज्यांत आहे."

"तुमी म्हटलं होतं का कोनाला तरी पळवलं," नवशा म्हणाला.

"ती शक्यता मी अजून सोडलेली नाही."

काशीबाईचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. भाजी निवडताना बघावं तसं ती नवशाच्या खांद्यांकडे बघत होती. मग तिने बाकीच्या तिघांचेही खांदे बघून घेतले.

"ह्यो शेठ जेवायला काय घालतो?"

"वडापाव. त्यो बी गाडी इकली तं."

"पवता येतं?"

"नदीकाठची मानसं हाव, मावशे. पवता नाय येऊन कसं चालंल?"

"जालं वडशाल?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. "ही गाडी ढकलतो तं जालं वडायला काय हाय?" नवशा म्हणाला. "जेवन?"

"दोन टायमाला. भात, कालवन. नि मासलीत वाटा."

नवशाने हौद्यातून आपली पिशवी काढली. बाकीच्यांनीही काढल्या. बोलणी इथेच संपली. जानू उठून उभा राहिला, त्याने बायकोकडे बघितलं, आणि तो होडीकडे चालू लागला. चौघे त्याच्या मागे गेले. भरती आलेली होती. पाच जणांनी होडीला खांदा लावला आणि ती वाळूवरून सरळ पाण्यात उतरली. बरेच दिवस ती जागची हलली नव्हती. काशीबाईने पदराने डोळे पुसले आणि ते कोणी बघितलं नाही ना, याची खात्री करून घेतली.

"संध्याकाळी सातपाटीचं गिऱ्हाईक आलं तं सांगा," ती शेजारणीला म्हणाली, "होडी कामावर गेलीय."

या आनंदात गाडी कधी बंद पडली ते कोणाला कळलं नाही. कमलाकांत पाण्याच्या कडेपर्यंत धावला. पांढऱ्या बुटांत पाणी गेलं.

"ए नवशा, परत फीर. धक्का कोण देणार?"

"शेठ, आता आमी होडीचं," लांबून उत्तर आलं.

कमलाकांत परत आला. त्याने जमलेल्या लोकांकडे बघितलं. लोक घरोघरी पांगले. शेवटी तिथे फक्त दाजी आणि मी उरलो.

"हात लावा, साहेब," तो म्हणाला. "बोईसरला सोडतो."

"गुप्तहेराचा हात पुराव्याला लागतो, शेठ. गाडीला नाही."

"एसटी गेली तुमची."

दाजींनी टोपी काढून खिशात कोंबली, आणि मी आरसा वाळूत रोवला. आम्ही दोघांनी गाडी ढकलली. ती पहिल्यांदा हललीच नाही. दुसऱ्यांदा हलली आणि मागे आली. तिसऱ्यांदा दाजींच्या तोंडून परभणीकडचे असे काही शब्द निघाले की आक्कालाही ते ठाऊक नसावेत, आणि इंजिन धडधडू लागलं. गाडी डांबरी रस्त्याला लागली. आम्ही मागून धावत होतो.

"थांबवा, शेठ," दाजी ओरडले.

कमलाकांतने खिडकीतून हात बाहेर काढला. "थांबलो तर बंद पडेल," तो म्हणाला. ते खरं होतं, का त्याने आमच्यावर सूड उगवला, हे मला आजही सांगता येणार नाही. गाडी वळणापलीकडे गेली, धूर तेवढा आमच्यासाठी ठेवून.

दाजी कमरेवर हात ठेवून त्या धुराकडे बघत राहिले. मग खिशातली टोपी काढून घातली आणि त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"बन्सी," ते धापा टाकत म्हणाले, "काही म्हण, पण गाडी पळते चांगली. जानूने घ्यायला हवी होती."