सेकंदही न चुकणारं घड्याळ

माझं घड्याळ चुकत नाही! आमचा मुलगा अतुल सतत विमानात असतो, त्यानंच ते मला दिलं. उन्हावर चालतं, उपग्रहाकडून वेळ घेतं, जगात कुठंही जा, काटे आपोआप लागतात. माझं जग म्हणजे घराजवळचा सदर बाजार ते नदीवरचा ग्वारीघाट. पण अभिमान लंडनपर्यंतचा!

त्या रविवारी आमच्या मुलीला, मोनालीला, मागणी घालायला नागपूरहून पियूषची आई येणार होती. मुलांनी एकमेकांना पसंत केलंच होतं. बाईंना फक्त आमचं घर बघायचं होतं. बायकोनं, प्रतिमानं, बजावलं, "दहाला घरात पाहिजे. घड्याळ आहे नं एवढं?"

पण रविवारी घाटावर माझा मुलांचा वर्ग असतो. उपग्रह शिकवायची याहून चांगली संधी कोणती? पायऱ्यांवर उभा राहिलो, मनगट आभाळाकडे धरलं.

"आता वरून वेळ येईल. कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट!"

पाचही मुलं गप्प. मग गुरुजींनी कसं बोलायचं? मीही गप्प.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. पांढरा कुडता, पांढरी दाढी, वर केलेला हात! एका बाईनं पायावर झेंडू वाहिला. "मौनी बाबा हैं. परकम्मा में निकले हैं," नदीच्या परिक्रमेला निघालेला साधू म्हणून फुलवाल्यानं मला परस्पर जाहीर केलं. रांग लागली! केळी आली, नारळ आले. शेवटी एक ठसठशीत बाई वाकल्या, "महाराज, आम्ही पोराच्या लग्नाचं पाहून राहिलो. साधं घर मिळू द्या, नखरे नको." आणि एक खोका माझ्या पिशवीत ठेवला.

त्या गेल्यावर वर्गातल्या रोशनीनं ओठांवरचं बोट काढून तेच वर केलं.

"सर, बोलूँ?"

मी मान हलवली.

"बटन दबाया था क्या?"

बटण दाबलं. मिनिटभरात काटे लागले!

धापा टाकत घरी पोचलो. प्रतिमा दारातच. "किती वाजले?"

"अकरा वाजून वीस मिनिटं, चौदा सेकंद!"

"अन् दहाला काहून नाही आले?" म्हणत तिनं पिशवी ओढली. खोका बघून मात्र खुलली. "अय्या, संत्रा बर्फी! हेमलताताई, घ्या, तुमच्या नागपूरचीच दिसते."

सोफ्यावरच्या बाईंनी खोका पाहिला. मग मला पाहिलं. हात जोडून ताडकन उभ्या राहिल्या.

"महाराज, तुम्ही इथं?"

"कोण महाराज? हे आमचे हे!" प्रतिमा म्हणाली.

मला सगळं सांगावं लागलं. बटणासकट. मोनालीनं तोंड ओढणीत लपवलं. झालं, मोडलं लग्न!

हेमलताबाईंनी खोका उचलला. "ही बर्फी मी तुमच्यासाठीच आणली होती. बाबा दिसले, तर म्हटलं, आधी देवाला." मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की चहा सांडला! "मी साधं घर मागितलं होतं, इतकं साधं नव्हतं मागितलं!"

लग्न ठरलं. त्यांची अट एकच आहे: मुहूर्ताला घड्याळ दुसऱ्या कोणाचंही चालेल.