दोन्ही बाजू ऐकणारे पेशकारकाका

कॅसेटची ए साइड संपली की पेशकारकाका उजवा हात वर करायचे. याचा अर्थ असा की दुकानात कोणीही तोंड उघडायचं नाही. मग मी कॅसेट उलटी करायची, बी साइड लावायची आणि तीही संपली की काका खिशातून पेन काढायचे.

"दोन्ही बाजू ऐकल्याबिगर फैसला नाही," ते म्हणायचे. "कायदा आहे."

गाण्याच्या कॅसेटींना हा कायदा कोणी लावला, हे विचारायची हिंमत सुलतान बाजारात कोणाची नव्हती.

काकांचं खरं नाव विनायकराव. सिव्हिल कोर्टात चौतीस वर्षं पेशकार होते. म्हणजे न्यायाधीशांच्या खाली बसून पुकारा करायचा, तारखा द्यायच्या आणि साहेब सांगतील तो निकाल उतरवून घ्यायचा. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूत झालेली. त्यामुळे मराठी बोलतानाही मधूनच एखादी फाइल 'मिसल' व्हायची आणि फिर्यादीचा 'मुद्दई'. ते रिटायर झाले त्याच सुमारास मी वडिलांच्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानातली दोन कपाटं रिकामी करून कॅसेट ठेवायला लागलो होतो. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण घराघरांत केबल आली होती, तिच्यावर दिवसभर पोरंपोरी समुद्रकाठी नाचत गात होती आणि कॉलेजच्या मुली व्याकरणाच्या पुस्तकांकडे न बघता विचारत होत्या, "भैया, वो नया अल्बम आया?"

अशाच एका शनिवारी अकरा वाजता काळा कोट, हातात छत्री, असे काका दुकानात शिरले. स्टुलावर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "प्रकाश, हे जे चाललंय ते काय आहे, जरा ऐकव. सुरुवातीपासून."

मी एक पॉप अल्बम लावला. गाणारा पोरगा प्रत्येक गाण्यात एकाच मुलीला एकच गोष्ट सांगत होता. काकांनी डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्या.

"मुद्दई एकच म्हणणं चौदा वेळा मांडतो," ते म्हणाले. "पुरावा एकही नाही. पण आवाज इमानदार आहे. मुलीनं विचार करावा."

मी हसलो, ते हसले नाहीत. पुढच्या शनिवारी परत आले. आणि मग दर शनिवारी.

त्यांच्या मतांना तोड नव्हती. जुन्या गाण्यांना नवीन ढोल लावलेली एक कॅसेट तेव्हा फार खपत होती. काका म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला हात धरून नाचवलंय. त्याची मर्जी विचारली होती का?" एका गझलगायकाबद्दल, "रडतो छान, पण रुमाल इस्त्रीचा आहे." एका अल्बमच्या वेष्टणावर गायक मोटारसायकलवर बसलेला होता. काकांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पुन्हा वेष्टण पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मोटारसायकल कुठंच आली नाही. ही फसवणूक आहे." विलायती रॉकची कॅसेट लावली तेव्हा पहिली दहा मिनिटं ते अस्वस्थ होते. "ह्या माणसाला कोणीतरी मारतंय, मियाँ." बी साइडनंतर मात्र चेहरा निवळला. "सुटला. आता बरा आहे."

पुढे ते मतं चिठ्ठीवर लिहायला लागले. सुरेख, वळणदार अक्षर. गिऱ्हाईक सगळ्या भाषांचं, म्हणून चिठ्ठ्या हिंदीत. ती चिठ्ठी त्या त्या कॅसेटच्या खणाला टाचणीनं लावायची. मुली आधी नुसत्या वाचून खिदळायच्या. मग हळूहळू चिठ्ठी नसलेली कॅसेट घेईनाशा झाल्या. "अंकल का फैसला नहीं आया अभी?" असं विचारून शनिवारपर्यंत थांबायच्या. माल पुरवणारा एजंट माझ्यावर भडकला. मी काकांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना म्हणावं, पेशीला हजर राहा."

एजंट आला नाही. आली सुजाता.

सुजाता सिकंदराबादची. रेल्वेतल्या गार्डची मुलगी, घरी तेलुगू बोलणारी. सकाळी बालवाडीत शिकवायची आणि लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात गायची. दोन वर्षं असं गाऊन तिनं तिकडच्याच एका छोट्या स्टुडिओत स्वतःची कॅसेट काढली होती, आठ हिंदी गाण्यांची. स्टुडिओवाला माझ्याकडे दहा नग ठेवून गेला. काकांनी शनिवारी ऐकली आणि चिठ्ठी लिहिली: 'आवाज़ ठीक. बाजा बहुत. गानेवाली किसी की नकल कर रही है. किसकी, ये उसको भी नहीं मालूम. ख़ारिज.'

आपली कॅसेट दुकानात कशी दिसते ते बघायला ती पुढच्या शनिवारी मुद्दाम आली. मी तिला ओळखत नव्हतो. तिनं चिठ्ठी वाचली, ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली.

"ये किसने लिखा?"

मी काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात काका स्टुलावरून उठले. "मैंने लिखा, बेटा."

"आप गाते क्या?"

"नहीं."

"बजाते?"

"नहीं."

"फिर आप कौन होते बोलनेवाले?"

काकांनी जरा विचार केला. "सुननेवाला हूँ," ते म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ही चिठ्ठी फाडून फेकणार. पण ती म्हणाली, "सब लोग अच्छा है, अच्छा है बोले. पूरा किसी ने नहीं सुना. मेरे डॅडी भी नहीं. आपने पूरा सुना?"

"दोनों साइड. दो-दो बार."

ती माझ्या काउंटरला टेकून उभी राहिली. त्यानंतर काका जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो, कारण त्यात कोर्ट नव्हतं. बी साइडच्या तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, ते सांगत होते, जिथं सगळी वाद्यं थांबतात आणि दोन ओळी तू एकटीच गातेस. तिथं तू कोणासारखीच गात नाहीस. ती जागा ऐकण्यासाठीच मी कॅसेट दुसऱ्यांदा लावायला सांगितली.

सुजाता डोळे पुसता पुसता हसायला लागली. "अंकल, वहाँ कीबोर्डवाला चुक गया था!"

"तो उसको बोलो, और चुके," काका म्हणाले. "अब गाओ. बिना बाजे के."

"यहाँ?"

"हौ. यहाँच."

आणि ती गायली. बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. समोरच्या कापडवाल्यानं मीटरपट्टी हातातच धरून ठेवली. गाणं संपल्यावर काकांनी तिच्या हातातली चिठ्ठी मागून घेतली, उलटी केली आणि मागे लिहिलं, 'नज़रसानी मंज़ूर.' म्हणजे फेरविचार मान्य. इतक्या शनिवारांत आपलाच निकाल बदलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दहाही कॅसेटी त्या महिन्यात गेल्या. लोक आधी त्या दोन ओळी लावायला सांगायचे.

त्यानंतर सुजाताही अधूनमधून शनिवारी यायला लागली. दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची. तिला ढोल आवडायचे, काकांना नको असायचे. मी चहा मागवायचो.

मग एकदा लागोपाठ दोन शनिवार काका आले नाहीत. दुसरा शनिवारही तसाच गेल्यावर सोमवारी मी स्कूटर काढून काचीगुड्याला, त्यांच्या घरी गेलो. स्टेशनामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. काका तापातून उठले होते, गळ्याला मफलर. घर लखलखीत. मी सवयीनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमचा टेप कुठं आहे?"

"टेप नाही."

"म्हणजे? घरी ऐकतच नाही?"

"ऐकून करू काय?" ते म्हणाले. "ऐकल्यावर बोलायला कोणी लागतं ना."

भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. काका रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. फोटोकडे न बघताच काका सांगायला लागले. काकू गायच्या. शिकलेलं नव्हतं, पण गळा गोड. गणेशोत्सवात मराठी मंडळींच्या हॉलमध्ये एकदा त्यांनी एकटीनं भावगीत म्हटलं. महिनाभर तयारी केली होती. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"मी काय म्हटलं, ठाऊक आहे?" काका म्हणाले. "म्हटलं, वेळेवर संपलं."

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"मजाक नाही केली, प्रकाश. मला दुसरं काही सुचलंच नाही. दिवसभर दुसऱ्याचं म्हणणं उतरवून घ्यायची सवय. स्वतःचं काही म्हणणं असतं, हे लक्षातच यायचं नाही. गाणं फार चांगलं झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला होता. ती पुढं कधी गायली नाही, आणि कधी विचारलंही नाही."

थोड्या वेळानं ते उठले आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. मी नको म्हटलं नाही.

काका पुन्हा दुकानात यायला लागले. साधारण वर्षभरानं सुजाताची दुसरी कॅसेट ठरली. या वेळी वाद्यं कमी. त्या कॅसेटनं तिचं नाव देशभर झालं वगैरे काही नाही, पण पुढं तिला रेडिओवर गायला मिळालं, बालवाडी सुटली आणि आज ती स्वतः गाणं शिकवते. रेकॉर्डिंगच्या आधीच्या शनिवारी ती दुकानात आली. एक नवं गाणं होतं. ते अजून कोणाला ऐकवलं नव्हतं, असं म्हणाली.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं ओढणी सारखी केली आणि उभ्यानंच गायली. ते गाणं कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मी पूर्ण वेळ काकांकडे बघत होतो. ते पुढं वाकून, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

गाणं संपलं. सुजातानं विचारलं, "कैसा हुआ, अंकल?"

काकांनी पेन काढलं नाही. सुजाता घाबरली, माझ्याकडे बघायला लागली. मग काका उठून उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. आजवर ते तिच्याशी एक शब्दही मराठीत बोलले नव्हते, आणि तिला मराठी येतही नव्हतं.

"सुरेख झालं," ते म्हणाले. "फार सुरेख झालं. माझ्या अंगावर काटा आला. तू गात राहा."

मी तिला हिंदीत सांगायला तोंड उघडलं. सुजातानं माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं, आणि वाकून काकांच्या पाया पडली.