शेऱ्याचा रकाना

तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यातले पेन्शनर जिवंत आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार परमेश्वरानंतर फक्त आमच्या सोनकांबळेंना होता.

जुन्या जिल्ह्यातून फायलींचे गठ्ठे आले आणि ट्रेझरीत सोनकांबळेंच्या वाट्याला हयातीच्या दाखल्यांचं टेबल आलं. पेन्शनरनं वर्षातून एकदा समोर यावं, सही करावी, जावं. पण सोनकांबळेंना सही पुरत नसे. "सही काय, सवयीनं बी होती," म्हणायचे. माणूस हसला पाहिजे, नाहीतर भांडला पाहिजे. "आजी, लई थकल्या यंदा!" असं म्हणून काडी टाकायची. "थकला तुझा बाप!" आजी कडाडली की हे खूश. मग शेऱ्याच्या रकान्यात टपोऱ्या इंग्रजीत लिहायचे: 'अलाइव्ह अँड किकिंग'. साहेबांनी दोनदा मेमो दिला. सोनकांबळे म्हणाले, "साहेब, नुसतं हयात तर भिताड बी असतंय."

एका वर्षी दुष्काळ पडला, त्यात निलंग्याकडच्या एका गुरुजींचा दाखला आला नाही. अर्धं अंग लुळं पडलेलं. दाखला चुकला तर पेन्शन बंद, आणि घरात दुसरं काहीच येत नव्हतं. रविवारी सोनकांबळे यष्टीनं निघाले, शेजारच्या टेबलावरचा म्हणून मलाही ओढलं.

गुरुजी आढ्याकडे बघत पडलेले. चिडवून झालं, थट्टा झाली, पापणी हलेना.

"चार महिने झालं, बोलंनात," गुरुजींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या.

"अंगठा घ्या अन् चला," मी कुजबुजलो.

"थांबा वो!"

टँकर दोन दिवस फिरकला नव्हता, तरी काकूंनी अर्धा कप चहा पुढे केला. सोनकांबळेंनी तो गुरुजींच्या नाकाखालून फिरवला. "गुरुजी, तुमच्या वाटणीचा बी मीच पिऊन टाकतो बरं का!"

कप ओठाला लागणार, तोच गुरुजींच्या धड हातानं सोनकांबळेंचं मनगट धरलं. डोळ्यांत चक्क राग!

सोनकांबळेंनी सगळा चहा त्यांना चमच्यानं पाजला. शेरा लिहिला, काकूंना अर्थ सांगितला: "जिते हायेत, अन् लाथा बी झाडायलेत." काकू खुदकन हसल्या.

काम झालं होतं. शेवटच्या यष्टीची वेळ झाली म्हणून मी उठलो. सोनकांबळे उठेनात. गुरुजींची बोटं चोळत, कुठलं कुठलं बोलत बसले. यष्टीचा हॉर्न वाजला, तरी बसलेलेच.

काकू बराच वेळ बघत होत्या. एकदम बोलून गेल्या,

"साहेब, घरी कोनी वाट बघायला न्हाई व्हय तुमची?"