कडी बाहेरून

कादंबरी लिहायला शिस्तीशिवाय काहीही लागत नाही, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. आणि शिस्तीच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या ऑफिसात कोणी नाही! म्हणून तर प्रकाशकांनी जेव्हा सांगितलं, की महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळी मी स्वतः घरी येईन, पहिली तीन प्रकरणं तयार असली तर छापीन, नाहीतर विषय संपला, तेव्हा मी नुसता हसलो. महिना म्हणजे काय थोडाथोडका वेळ झाला?

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाहीर करून टाकलं. साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझी ओळख 'आपले कादंबरीकार' अशी करून दिली. आता माघार घेतली असती, तर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी "काय कादंबरीकार, कुठवर आलं?" असं विचारून निवृत्तीपर्यंत माझा जीव खाल्ला असता.

तयारीला लागलो. मागची खोली निवडली, कारण तिला लागून बाथरूम आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात आणि कोणता शर्ट कोणाचा, हे मी ठरवत बसतो. सुताराला बोलावून खिडकीवर फळी ठोकून घेतली. स्वयंपाकघरातला वास दाराखालून आत येतो आणि मला भूक लागते. दाराच्या फटीला रबराची पट्टी मारून घेतली. टेबल आधी भिंतीकडे तोंड करून ठेवलं, मग पाठ करून, मग तिरकं. भिंतींना बायकोच्या पसंतीचा पिस्ता रंग दिला. या सगळ्यात महिना सत्कारणी लागला आणि तो रविवार उजाडला. एक अक्षर लिहून झालं नव्हतं, पण तयारीत खोट काढायला जागा नव्हती.

राहिली होती कडी. मी स्वतःला ओळखून आहे. लिहायला बसलं की मला तहान लागते, पाठ धरते, लांबच्या मावशीची आठवण येते. म्हणून दाराला बाहेरून कडी बसवून घेतली होती. बायकोला बजावलं, प्रकाशक येईपर्यंत ती उघडायची नाही. मी विनवीन, चिडेन, नाही नाही ती कारणं सांगेन. कारण जितकं खरं वाटेल, तितका तो मोठा बहाणा समजायचा.

बायको एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं काम करते. बहाण्यांचं तिला काही नवल नाही. तिने फक्त "नक्की ना?" एवढंच विचारलं. मी बाणेदारपणे मोबाइलही तिच्या हवाली केला आणि आत गेलो.

कडी लागली. मी ऐटीत खुर्चीत बसलो. पाठीला उशी होती. पाण्याचा जग, जेवणाचा डबा, बिस्किटं, टेबलाचा दिवा, जाडजूड शब्दकोश, खिशात नवंकोरं पेन, सगळं होतं. कागद तेवढे नव्हते! ते बाहेर जेवणाच्या टेबलावर होते. सकाळी मीच त्यांच्या कडा जुळवून, वर चष्म्याचं घर ठेवून आलो होतो.

मी दार वाजवलं आणि कागद राहिल्याचं सांगितलं.

मग बायको म्हणाली, "अहो, इतक्या लवकर?"

"अगं, खरंच राहिलेत. टेबलावर बघ ना."

"दिसतायत मला. पण कारण फारच खरं वाटतंय."

दाराखालून सरकवायला सांगितले, तर पट्टी कागदाचा चोळामोळा करायला लागली. खिडकीतून टाक म्हणावं, तर फळी. सुताराचं काम पक्कं होतं, त्या माणसाला मी नावं ठेवू शकत नाही.

शेवटी बायको विरघळली. कडी सरकल्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. नेमके त्याच क्षणी सासरे घरात शिरले. ते दर रविवारी जेवायला येतात. निवृत्त तुरुंगाधिकारी आहेत.

"थांब," त्यांचा आवाज आला. "हा नियम कोणी केला?"

"यांनीच."

"मग यांना तो मोडता येणार नाही."

कडी परत लागली. पाठोपाठ खुर्ची ओढल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांनी त्यांना ड्यूटी मिळाली होती!

मी अगदी काकुळतीला येऊन म्हणालो, "बाबा, मला फक्त कागद हवेत हो."

"जावईबापू, माझ्या नोकरीत प्रत्येकाला फक्त एकच काहीतरी हवं असायचं."

मी दारावर लाथा मारल्या. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. आत कोण आहे, असं त्यांनी विचारलं. सासरे कधी खोटं बोललेले नाहीत. जावई आहे, संध्याकाळी सोडू, असं त्यांनी सांगितलं. काय झालंय म्हणून विचारल्यावर "कादंबरी" म्हणाले. दुपारपर्यंत सगळी इमारत हळूहळू बोलत येऊन गेली. एकाने दाराला तोंड लावून मला लवकर बरं व्हायला सांगितलं. मी बरा आहे, मला कागद द्या, असं ओरडलो. त्यावर तो मनापासून "हो, हो" म्हणाला.

तेवढ्यात खिडकीच्या कडेला सुताराने विसरलेली, पेन चालत नाही तिथेही चालणारी पेन्सिल दिसली आणि समोर होती कोरी करकरीत पिस्ता भिंत. काय सांगू तुम्हाला, सुचत गेलं! नायकाचं बालपण खुर्चीवर चढून लिहिलं, तारुण्य उभ्याने, त्याचं लग्न स्विचबोर्डाला वळसा घालून गेलं आणि त्याचा ऱ्हास मी गुडघ्यांवर रांगत लिहिला. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

संध्याकाळी कडी निघाली. दारात प्रकाशक, बायको आणि सासरे उभे होते. बायको भिंतीकडे बघतच राहिली. प्रकाशकांनी मात्र शांतपणे वरपासून वाचायला सुरुवात केली. ऱ्हासाला ते उकिडवे बसले. सासऱ्यांनी हात देऊन त्यांना उठवलं.

"रंग छान आहे," प्रकाशक म्हणाले.

मग चहा झाला. दिवसभर काय चाललं होतं, असं प्रकाशकांनी सहज विचारलं आणि बायकोने सांगायला घेतलं. माझ्या विनवण्या, वडिलांचा करडा आवाज, वरच्या बाईंची कुजबुज, सगळं हुबेहूब. प्रकाशकांना चहाचा ठसका लागला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"वहिनी, हे असंच लिहा," ते म्हणाले. "पहिली तीन प्रकरणं. मी पुढच्या रविवारी येतो."

मी माझ्याबद्दल विचारलं. त्यांनी कनवाळूपणे माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भिंत काही नेता येणार नाही हो."

तेव्हापासून ऑफिसातून आली की बायको मागच्या खोलीत जाते. माझे कागद तिच्याकडे आहेत. सुताराला बोलावून तिने कडी आतल्या बाजूला बसवून घेतली, त्यामुळे सासरे जरा नाराज आहेत. मी मात्र बाहेर बसून आतून येणारं तिचं हसू ऐकतो आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटतो.

ऑफिसात अजून विचारतात, "काय कादंबरीकार, कुठवर आलं?"

दुसरं प्रकरण चालू आहे, असं मी सांगतो. कोणाचं, ते कोणी विचारत नाही.